वाहता कान : निदान आणि छायाचित्रण



पांढरकवडा आणि परिसरातील गावे व पोडे ही कापूस पिकविणारी वस्ती. अशा वस्तीत मुलाचा कान वाहू लागला की पुष्कळदा कोमट तेल सोडले जाते आणि वय वाढेल तसे थांबेल, अशी समजूत काढली जाते. पुढे हेच मूल वर्गात हाकेला ओ देत नाही आणि त्याच्यावर मठ्ठपणाचा शिक्का बसतो. वस्तुतः त्याला नीट ऐकू येत नसते.

वाहत्या कानाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात पडद्याच्या मध्यभागी छिद्र असते व अधूनमधून पातळ स्राव येतो. दुसऱ्यात स्राव थोडा, परंतु दुर्गंधीयुक्त असतो. येथे पडद्यामागे त्वचेचे पापुद्रे साठून झालेली गाठ आसपासचे हाड झिजवते. हातोडी, ऐरण व रिकीब या इवल्या हाडांची साखळी तुटते, चेहरा वाकडा होऊ शकतो आणि पू मेंदूपर्यंत पोहोचल्यास प्राणावर बेतते.

निदानाचा आरंभ साध्या साधनांनी होतो. ऑटोस्कोपच्या उजेडात पडदा दिसतो. नादकाटा व श्रवणमापन यांनी बहिरेपणाचा प्रकार आणि प्रमाण कळते. कानामागील हाडाच्या पूर्वीच्या क्ष-किरण चित्रात सावल्या एकमेकींवर पडत. १९७१ साली इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅन यंत्राने प्रथमच रुग्णाची तपासणी झाली. आज या तंत्राने एक मिलिमीटरहूनही पातळ छेद पाहता येतात आणि हाड कोठवर झिजले, हे शस्त्रक्रियेपूर्वीच समजते. श्रवणतंतू व मेंदू यांची पाहणी एम. आर. आय. अधिक चांगली करते.

तथापि, प्रत्येक कानाला स्कॅनची आवश्यकता नसते. सी. टी. स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा वापर होत असल्याने मुलांच्या बाबतीत तो निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी केली जाते. पथक येईल त्या दिवशी कान वाहणाऱ्या आणि कमी ऐकणाऱ्या मुलांची यादी शिक्षकांनी तयार ठेवावी. पुढील तपासणीसाठी पांढरकवड्याचे उपजिल्हा रुग्णालय आणि यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कानामागे सूज, चक्कर, वाकडा चेहरा किंवा तापासह तीव्र डोकेदुखी दिसल्यास मात्र पथकाची वाट न पाहता मुलाला त्वरित रुग्णालयात न्यावे. तोपर्यंत कानात तेल घालू नये, पाणीही जाऊ देऊ नये. वेळेवर केलेल्या एका नोंदीने मुलाचे ऐकणे, आणि प्रसंगी प्राणही, वाचू शकतात.