देखभालीचा कार्यादेश : नमुना आणि जबाबदारी



भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अखंड चालणाऱ्या अशा कारखान्यात त्याच दुरुस्त्या वारंवार कराव्या लागतात. कार्यादेश दरवेळी नव्याने लिहिल्यास वेळ जातो, एखादी पायरी सुटते. म्हणून कामाचा क्रम, सुटे भाग, मनुष्यबळ व सुरक्षा-परवाना यांचा कायम नमुना असावा. त्यामुळे खर्चाची तुलनाही शक्य होते.

मात्र ९ ऑक्टोबर २०१८ रोजी येथेच वायुवाहिनीच्या देखभालीवेळी आग लागून दहाहून अधिक कर्मचारी मृत्युमुखी पडले, हे विसरता येत नाही. नमुना केवळ प्रश्न विचारतो : वाहिनी विलग केली का? वायूची तपासणी झाली का? उत्तर प्रत्येक वेळी जागेवर जाऊनच द्यावयाचे असते. मागील उत्तराची नक्कल करणे ही काटकसर नव्हे.