साताऱ्याची सावली, सांगलीची सावली
(आकाशवाणीवरील भाषण)



आठवीच्या गणितात ‘समांतर रेषा व छेदिका’ नावाचं प्रकरण असतं. संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन ही नावं तुमच्यापैकी अनेकांना अजून आठवत असतील. ती कशासाठी शिकलो, ते बहुधा आठवणार नाही. यात मुलांचा दोष नाही. आपणच त्यांच्याकडून नावं पाठ करून घेतो, जोड्या ओळखायला लावतो, मार्क देतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या प्रकरणानं आपल्या हाती केवढं साधन दिलंय, हे सांगायचं राहूनच जातं. आज तेच सांगायचं आहे, आणि त्यासाठी सातारा आणि सांगली ही दोन गावं पुरेशी आहेत.

रेडिओवर फळा नाही. म्हणून जवळ रेघांची वही असेल तर उघडा. छापील रेघा एकमेकींना समांतर असतात. त्यांतल्या कोणत्याही दोन रेघांना कापत जाणारी एक तिरकी रेघ पट्टीनं ओढा. ही झाली छेदिका. दोन छेदांपाशी चार-चार, असे एकूण आठ कोन तयार झाले. आता नीट पाहा. कोन आठ असले तरी मापं दोनच आहेत. सगळे लघुकोन एकमेकांएवढे, सगळे विशालकोन एकमेकांएवढे, आणि एक लघुकोन नि एक विशालकोन मिळून १८० अंश. म्हणजे एक कोन मोजला की उरलेले सात न मोजता कळतात. जिथं आपला हात पोचत नाही तिथला कोनसुद्धा इथं बसून सांगता येतो. सगळ्या प्रकरणाचं मर्म मला इथं दिसतं.

आता वही मिटून अंगणात या. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यामुळे साताऱ्यावर पडणारे आणि सांगलीवर पडणारे किरण व्यवहारात समांतरच धरता येतात. उभ्या काठ्यांचं मात्र तसं नाही. गवंड्यानं साताऱ्यात ओळंबा सोडला आणि सांगलीत दुसऱ्या गवंड्यानं सोडला, तर दोन्ही दोऱ्या अगदी सरळ उभ्या असूनही त्या एकमेकींना समांतर नसतात. त्या खाली वाढवत नेल्या तर पृथ्वीच्या मध्यापाशी मिळतील. त्या ठिकाणी त्यांच्यात जो कोन होतो, तो कुणीही जाऊन मोजू शकत नाही. पृथ्वीचा परीघ काढायला तोच आपल्याला हवा आहे.

सांगली सुमारे १६.८५ अक्षांशावर आहे, सातारा सुमारे १७.६८ वर. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य सांगलीच्या बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. त्याच दुपारी साताऱ्यात काठीला उत्तरेकडे इवलीशी सावली असते. सांगलीवर पडणारा किरण खाली वाढवला तर पृथ्वीच्या मध्याला जातो. साताऱ्याचा किरण त्याला समांतर, आणि साताऱ्याची काठी खालपर्यंत वाढवली की ती झाली छेदिका. काठीच्या टोकाशी, काठी आणि किरण यांच्यामध्ये जो कोन आहे, तेवढाच कोन पृथ्वीच्या मध्याशी आहे. दोघं व्युत्क्रम कोन! आठवीत पाठ केलेलं ते नाव इथं कामाला आलं.

सुमारे २,२०० वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इजिप्तमध्ये नेमकं हेच केलं. आजच्या आस्वानला सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियातल्या सावलीचा कोन त्यानं काढला. तो भरला वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग त्या दोन गावांमधल्या अंतराची पन्नास पट केली की पृथ्वीचा परीघ मिळतो.

आपल्याकडे एक अडचण आहे. सातारा-सांगलीतला फरक जेमतेम ०.८३ अंशाचा, म्हणजे मीटरभर काठीला दीड सेंटीमीटरही सावली पडत नाही. त्यातच सूर्यबिंब आकाशात अर्ध्या अंशाएवढं दिसतं, त्यामुळे सावलीची कडा पुसट होते. म्हणून माझी सूचना अशी, की दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांनी हा प्रयोग २२ डिसेंबरच्या आसपास करावा. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मीटरभर काठीची सावली सांगलीत सुमारे ८५ सेंटीमीटर पडेल, साताऱ्यात ८७ सेंटीमीटरांच्या थोडी पुढे. फरक अडीच सेंटीमीटरांचा. कडेचा पुसटपणा दोन्हीकडे सारखाच असल्यानं वजाबाकीत बराचसा निघून जातो. दहावीतल्या त्रिकोणमितीनं दोन्ही सावल्यांचे कोन काढा आणि एकातून दुसरा वजा करा. किरण समांतर असल्यानं हा फरक म्हणजेच पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन.

काठी ओळंब्यानं उभी करा, जमीन पाणसळीनं तपासा. सावली सर्वांत आखूड होते तो क्षण घड्याळातल्या बाराला येत नाही. आपल्याकडे तो साडेबाराच्या सुमारास येतो. म्हणून सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत जा. अंतर घेताना कराडवरून जाणाऱ्या रस्त्याचं घेऊ नका. नकाशावरून निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर काढा, ते ९२ किलोमीटरांच्या जवळपास भरेल. ०.८३ अंशाला ९२ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की उत्तर चाळीस हजार किलोमीटरांच्या आसपास येतं.

मोजणी मात्र जपून हवी. एका सावलीत एका मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर दीड हजार किलोमीटरांनी हलतं. पण डिसेंबरच्या त्या आठवड्यात सूर्याची दुपारची उंची जवळजवळ बदलत नाही. तेव्हा चार-पाच दिवस मोजा, साताऱ्याच्या मुलांनी सांगलीच्या मुलांना रोज दुपारी फोन करून आपलं माप कळवावं, आणि शेवटी सगळ्यांची सरासरी घ्यावी.