नाव, मालक आणि ग्राहक

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात कापडाचा व्यापार मोठा. आणि लग्नसराई आली की तेथील छायाचित्रकारालाही उसंत मिळत नाही. समजा, अशा एखाद्या छायाचित्रकाराने वीस वर्षांपूर्वी पेंटॅक्सचा कॅमेरा घेतला आणि पुढे पोटाला चिमटा घेऊन एकेक भिंग जमविले. त्याची खरी पुंजी गुंतली आहे ती या भिंगांत. कॅमेऱ्याची कंपनीच विकली गेली, तर त्या पुंजीचे काय व्हावयाचे?

ही केवळ कल्पना नव्हे. टोकियोची आसाही ऑप्टिकल ही कंपनी १९१९ सालची. तिच्या कॅमेऱ्यावर पेंटॅक्स हे नाव आले १९५७ साली. २००८ मध्ये ती होया कंपनीत विलीन झाली आणि २०११ मध्ये तिचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय रिको कंपनीने विकत घेतला. मालक दोनदा बदलले. परंतु नाव राहिले, आणि भिंग बसविण्याची १९७५ सालापासूनची खोबणही राहिली. जुने भिंग निकामी ठरले नाही.

मिनोल्टाचे याहून निराळे झाले. २००३ मध्ये ती कोनिकाशी एक झाली, २००६ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली आणि तिचा वारसा सोनीकडे गेला. कॅमेऱ्यावरचे नाव पुसले गेले; पण सोनीच्या पहिल्या 'अल्फा' कॅमेऱ्याने मिनोल्टाची १९८५ सालची खोबण कायम ठेवली. नाव गेले, वचन काही काळ तरी पाळले गेले.

तिसरे उदाहरण गुजरातमधलेच. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला आगफाचा 'क्लिक थ्री' कॅमेरा एके काळी घरोघरी पोहोचला होता. मूळ आगफा कंपनीने २००४ मध्ये हा व्यवसाय वेगळा काढून विकला. २००५ मध्ये त्या नव्या कंपनीचे दिवाळे निघाले. त्यानंतर ते नाव परवाना घेऊन इतरांच्या मालावर छापले जाऊ लागले. अक्षरे तीच, हात मात्र दुसरे!

तात्पर्य, नाव खरेदीखताने मिळते. ग्राहकाची निष्ठा मिळत नाही. ती नव्या मालकाकडे ठेव म्हणून येते, आणि जुनी वस्तू चालती ठेवून, तिच्या दुरुस्तीची सोय करूनच ती राखावी लागते. ग्राहकानेही केवळ नावावर भुलू नये. सुरतेच्या बाजारातले जाणते गिऱ्हाईक कापडावरची छाप वाचते खरे. पण पोत बोटांनी पाहिल्यावाचून पैसे मोजीत नाही.