शब्दाला वजन कशाने येते?



उधना हे कष्टकऱ्यांचे गाव आहे. जळगावाहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग येथेच मुख्य मार्गाला मिळतो, आणि खानदेशातील कित्येक कुटुंबे पोटापाण्यासाठी येथील मागांच्या कारखान्यांत आली आहेत. मागावर उभा राहणारा गडी काही वर्षांनी मुकादम होतो. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली, त्यांनाच आज काम सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो. अशा वेळी तो आवाज चढवितो, अथवा मालकाच्या बोलण्याचालण्याची नक्कल करू लागतो. माणसे तोंडावर होकार देतात आणि पाठ फिरताच हसतात. मग काम बिघडते, कोणाचा तरी रोज बुडतो, जुना स्नेहही तुटतो. पद मिळाले, पण शब्दाला वजन आले नाही. ते कशाने येते, हाच आजचा विचार होय.

ह्याचे उत्तर गुजरातेतच घडलेल्या एका मराठी चरित्रात सापडते. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड ह्यांनी सोन्याच्या तोफा ओतवून घेतल्या होत्या. थाट होता, अधिकार होता. परंतु कारभार विस्कटलेला होता. १८७५ साली इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. तोफांचे वजन त्यांच्या शब्दाला आले नाही.

त्याच वर्षी महाराणी जमनाबाईंनी गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हा मुलगा खानदेशाच्या सीमेलगतच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्यास लिहिणेवाचणे येत नव्हते. बडोद्यास कशासाठी आलास, असे विचारता ‘राज्य करण्यासाठी’ असे उत्तर त्याने दिले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. लोक त्या बाणेदारपणाचेच कौतुक करतात. परंतु त्या उत्तरानंतर सहा वर्षे काय झाले, हे अधिक ध्यानात घेण्यासारखे आहे.

ती सहा वर्षे अभ्यासाची होती. इलियट ह्या शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलाने मुळाक्षरांपासून आरंभ केला आणि अनेक भाषा आत्मसात केल्या. दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी १८८१ साली त्याच्यासाठी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. प्रजेचे सुख हेच राजाचे कर्तव्य, योग्य माणसांचा सल्ला घ्यावा, खर्चास मर्यादा असावी, असा त्यांचा आशय होता. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीराव महाराजांच्या हाती पूर्ण सत्ता आली, तेव्हा ती पेलण्याची तयारी आधीच झालेली होती. तेज पोशाखासोबत अंगावर चढत नाही, ते अभ्यासाने अंगी मुरते.

पुढे महाराजांनी आपल्या प्रांतांतून दौरे केले. उधन्याच्या दक्षिणेकडील नवसारी हा त्या काळी बडोद्याचाच प्रांत होता. जो स्वतः पाहतो व ऐकतो, त्याची आज्ञा हवेतली राहत नाही. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण महाराजांनी १८९३ साली प्रथम अमरेली तालुक्यात करून पाहिले, आणि अनुभव घेऊन १९०६ साली सर्व संस्थानास लागू केले. बाराव्या वर्षापर्यंत ज्यास अक्षरओळख नव्हती, त्यानेच घरोघरच्या मुलांना पाटीपुस्तक मिळवून दिले. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तीही ह्याच दरबाराने. दुसऱ्याच्या गुणाने ज्याला धाक वाटत नाही, उलट आनंद होतो, तोच खरा पुढारी.

सिंहासन सर्वांच्या वाट्यास येत नाही. चार माणसांची जबाबदारी मात्र पुष्कळांच्या वाट्यास येते. मुकादमाने पाळी सुरू होण्यापूर्वी माग स्वतः पाहावेत. धागा तुटला तर आधी कारण विचारावे. दोष देण्याची घाई करू नये. चुकलेल्यास चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन सांगावे. शाबासकी मात्र सर्वांदेखत द्यावी. कारागिराची खरी अडचण मालकापुढे न कचरता मांडावी. स्वतःची चूक झाल्यास ती मान्य करावी. न पाळता येणारा शब्द देऊ नये, आणि दिलेला मोडू नये. घरातील वडीलधाऱ्याने व मंडळाच्या कार्यकर्त्यानेही हेच करावे.

असे वागणाऱ्यास आवाज चढवावा लागत नाही. तो हलक्या स्वरात बोलला तरी माणसे हातचे काम थांबवून ऐकतात. कारण हा बोलण्यापूर्वी ऐकतो आणि बोलल्यावर करतो, हे त्यांनी रोजच्या रोज पाहिलेले असते. कवळाण्याच्या मुलास हे वजन मिळविण्यास सहा वर्षांचा अभ्यास व आयुष्यभराची करणी लागली. उधन्याच्या कारखान्यात नव्याने मुकादम झालेल्या तरुणाने सहा महिन्यांत निराश होऊ नये. उद्याच्या पाळीपासून आरंभ करावा, म्हणजे पुरे.