घरचा शब्द, पुस्तकातला शब्द



मी भाषेचा प्राध्यापक नाही. सिल्वासात होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो, तेव्हा सुरुवात दवाखान्यातूनच करतो.

खानवेलकडच्या पाड्यावरून एक वडील मुलाला घेऊन आले. घरची बोली वारली, मुलगा मराठी शाळेत तिसरीला. रोज सकाळी पोट दुखायचं. रविवारी दुखत नसे. बोलताना तो ‘पानी’ म्हणाला. मी सवयीनं दुरुस्त केलं, ‘‘पानी नाही बाळ, पाणी.’’ मुलगा गप्प झाला. वडील म्हणाले, वर्गातही तो असाच गप्प असतो.

त्या रात्री मला आई आठवली. ती कोल्हापूरकडची. तिकडच्या बायकांसारखी ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणायची. शिकायला बाहेर पडलो तेव्हा एकजण त्यावर हसला आणि मला आईची लाज वाटली. तीच लाज मी त्या पोराच्या पदरात टाकली होती.

हानेमानचा ‘ऑर्गेनॉन’ १८१० सालचा. रोग्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावं, असं तो वैद्याला बजावतो. दवाखान्यात आम्ही हे पाळतो, मग वर्गात का नको?

२०११च्या जनगणनेत आपल्या दादरा नगर हवेलीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी होते. वारली, कोकणा, धोडिया बोलणारी त्यांची मुलं मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी शाळांत जातात. यात वारली मुलाची अडचण वेगळी. तमिळ घरातल्या मुलाला मराठी येत नसेल, तर त्याची भाषा निराळी आहे हे आपण मान्य करतो. वारली मराठीला जवळची, म्हणून तिला आपण ‘अशुद्ध मराठी’ ठरवतो. जवळचं नातंच मुलाला नडतं.

खरं तर ‘पाणी’चं ‘पानी’, ‘लोणी’चं ‘लोनी’ हा घोटाळा नाही, त्या बोलीची रीत आहे. ती रीत शिक्षकाला ठाऊक असली की शिकवणं सोपं होतं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. डावीकडे लाल शाई लागू नये.

प्रमाणभाषा हवीच. परीक्षा, अर्ज, कोर्टकचेरी तिच्यावाचून अडते. ती न शिकवणं हाही अन्यायच. पण ती घरच्या भाषेशेजारी मांडायची, तिच्या जागी नव्हे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम ३५० क सांगतं. २०२०चं शैक्षणिक धोरणही, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, तेच म्हणतं. सरकारी पुस्तकं येतील तेव्हा येतील; रेघ आजही मारता येते.

पुढच्या खेपेला मी त्या मुलासमोर केसपेपरवर ‘पानी’ असंच लिहिलं. त्यानं वाकून पाहिलं आणि बोलू लागला. वाचायला उभं केलं की सगळे हसतात, हे त्यानं तेव्हा सांगितलं. दुखणं तिथं होतं.

तुमच्या घरी, वर्गात, दुकानात असं एखादं मूल ‘पानी’ म्हणेल. आधी त्याला पाणी द्या. ‘ण’ नंतर शिकवता येईल.