उतरत्या आचेवरचा केक



डिसेंबर लागला की बेकरीच्या काचेमागे एक काळपट, जडसर केक दिसू लागतो. त्याला आपण प्लम केक म्हणतो. गंमत अशी, की या केकमध्ये प्लम म्हणजे आलुबुखार बहुधा नसतोच. जुन्या इंग्रजीत मनुका, बेदाणे अशा सुक्या फळांना प्लम म्हणत. त्यावरून हे नाव पडलं आणि केकला चिकटून राहिलं.

नाताळचा हा केक इंग्रजांनी आपल्याकडे आणला, हे खरं आहे. पण त्याच्यात काय काय असतं ते बघा. दालचिनी श्रीलंकेची. लवंग आणि जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरचं. सुंठ आपल्याकडची. इंग्लंडच्या थंड मातीत यातलं काहीच पिकत नाही. याच मसाल्यांच्या ओढीनं युरोपची जहाजं पूर्वेकडे आली. तेच मसाले तिकडे गेले आणि केकच्या रूपानं परत आले. म्हणजे सासरी गेलेली लेक माहेरी यावी, तसाच हा प्रकार झाला.

माहेरी आल्यावर या केकनं इथली रीतही उचलली. केरळमधल्या तलश्शेरीची एक हकिकत सांगतात. तिथे मंबल्ली बापू नावाचे बेकरीवाले होते. ब्रह्मदेशात राहून ते बिस्किटं करायला शिकले होते. १८८३ साली ब्राउन नावाच्या मळेवाल्या साहेबानं विलायतेहून आणलेला केक त्यांना चाखायला दिला आणि म्हणाला, असा करून दाखव. साहेबानं फ्रेंच ब्रँडी वापरायला सांगितली होती. बापूंनी तिच्याऐवजी काजूची बोंडं आणि केळी यांपासून गाळलेली गावठी दारू घातली. साहेब खूश झाला, आणि भारतातला पहिला नाताळचा केक म्हणून तलश्शेरी आजही त्याचा अभिमान बाळगते.

अलाहाबादनं, म्हणजे २०१८पासूनच्या प्रयागराजनं, तर आणखी पुढची मजल मारली. तिथल्या केकमध्ये लोण्याऐवजी साजूक तूप पडतं, कोहळ्याचा पेठा पडतो, संत्र्याचा मुरंबा, बडीशेप आणि जायपत्रीही पडते. आपल्याकडच्या केकमधली ती लाल-हिरवी टुटीफ्रुटी घ्या. ती असते कच्च्या पपईची. आता या केकला परका म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

घरी करायचा तर तो अवघड नाही, फक्त सवड लागते. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, जर्दाळू, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, सगळं बारीक चिरून अर्धा किलो भरेल इतकं घ्यावं. पुष्कळ घरांत ते रम किंवा ब्रँडीत महिना महिना भिजवून ठेवतात, दारूत फळं टिकतात म्हणून. आमच्या घरी दारू चालत नाही. आम्ही नागपुरी संत्र्यांच्या रसात आदल्या रात्री भिजवतो आणि आंबू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवतो. डिसेंबरात संत्री मुबलक असतात, त्यामुळे काही अडत नाही.

काळपट रंग येतो जाळलेल्या साखरेचा. जाड बुडाच्या पातेल्यात शंभर ग्रॅम साखर कोरडीच वितळवायची, कडक चहाचा रंग आला की आच बंद करून, जरा लांब उभं राहून, अर्धी वाटी गरम पाणी हळूहळू ओतायचं. ते जोरात फसफसतं, म्हणून मुलांना जवळ येऊ देऊ नये. साखर फार जळली तर केक कडू होतो, कमी जळली तर रंग येत नाही. मग अडीचशे ग्रॅम लोणी आणि दोनशे ग्रॅम साखर हलकी होईपर्यंत फेटावी, एकेक करून चार अंडी घालावीत. अडीचशे ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर आणि दीड चमचा मसाला एकत्र चाळून मिसळावा, मग थंड झालेला साखरेचा पाक घालावा. निथळलेली फळं थोड्या मैद्यात घोळवून शेवटी टाकावीत, म्हणजे ती तळाशी बसत नाहीत.

भाजणं मात्र घाईचं काम नाही. डब्याला आतून कागदाचे दोन थर लावून दीडशे अंशांवर सुमारे दोन तास ठेवावा. मध्ये विणायची सुई खुपसून बघावी, ती कोरडी निघाली की केक झाला. आच मोठी केली तर वरून करपतो आणि पोटात कच्चा राहतो.

मला आज बोलायचं आहे ते या आचेविषयी. पूर्वी घरोघरी चूल असे, ओव्हन नसे. केक भाजायचा तर गावातल्या बेकरीच्या भट्टीवर न्यावा लागे. भट्टीत लाकडं पेटवून विटा लाल तापवतात. तापल्या विटांवर आधी पाव भाजून निघतो, कारण पावाला तेज आच हवी. मग आच उतरू लागते, तेव्हा बिस्किटं आणि टोस्ट. आणि अगदी शेवटच्या, मऊ उतरत्या आचेवर हा केक. सगळ्यांच्या रोजच्या पावासाठी भट्टी पेटते आणि तिच्या मागे उरलेल्या उबेवर एखाद्या घराचा सण भाजला जातो.

ही भट्टी बहुधा दुसऱ्याच कुणाची असे. अलाहाबादेत ख्रिस्ती कुटुंबं तूप, अंडी, मेवा घेऊन मुसलमान बेकरीवाल्याकडे जातात आणि समोर बसून केक फेटून घेतात. कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये १९०२ सालची नाहूम ही बेकरी आहे. मालक ज्यू, कारागीर बरेचसे मुसलमान, सण ख्रिस्त्यांचा आणि नाताळच्या रांगेत उभे राहणारे बहुतेक हिंदू बंगाली. तिथे हे कुणाला नवल वाटत नाही.

आपल्यालाही वाटायचं कारण नाही. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत भरून नानकटाई करायला बेकरीवर जाणारी पिढी अजून हयात आहे. लहानपणी आमच्या गल्लीतल्या काकूंबरोबर तो डबा धरून मी भट्टीवर गेलो आहे. पत्र्यावर प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी असे. कुणाची नानकटाई कुणाकडे जात नसे आणि भाजणाऱ्या चाचांचा धर्म कोणता, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नसे. तूप शुद्ध आहे ना, एवढाच प्रश्न असे.

अलीकडे दुकानावरची पाटी वाचून खरेदी करा, असे निरोप मोबाइलवर फिरतात. घासाला जात-धर्म विचारायची ही सवय आपल्याला लागू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण हा केक एकट्या कुणाचाच नाही. एका घरानं फेटायचा आणि दुसऱ्या घरानं भाजायचा, असाच तो इतकी वर्षं होत आला आहे.

लाकडाच्या भट्ट्याही आता जायच्या वाटेवर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात, लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्याविषयी निर्देश दिले. धुरानं माणसांची छाती भरते, तेव्हा त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. गॅसवरही केक चांगला होतो. इंधन खुशाल बदलावं. शेजाऱ्याचा डबा आत घेणारं भट्टीचं दार तेवढं बंद होऊ नये.

या नाताळात जवळच्या बेकरीवाल्याला एकदा विचारून बघा, दुपारी काम ओसरल्यावर आमचा एक डबा ठेवाल का? कदाचित तो नाही म्हणेल, कदाचित हसून हो म्हणेल. केक मिळाला तर लगेच कापू नका. कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस मुरू द्या, मसाल्याचा उग्रपणा जातो. आणि कापाल तेव्हा एक तुकडा भट्टीवाल्याकडे पोचवायला विसरू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)