जयपूर ते तुंगा : एक वाट, एक जेवण



रविवारी मोटारसायकल काढावी, रम्य वाटेने खेड्यातील एखादा पब गाठावा आणि दुपारचे जेवण तेथे घ्यावे, अशी हौस इंग्लंडात पुष्कळांना असते. आम्हां जयपूरच्या मराठी मंडळींना पबचे अगत्य नाही, ढाबा पुरे. तेव्हा आज जी वाट आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत, ती जयपूरहून तुंग्याची. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर.

महिना जानेवारीचा असावा. धुके ओसरल्यावर निघावे. डोक्यावर शिरस्त्राण चढवावे; तुंग्याला जाणाऱ्या मराठ्याने ते घालणे तसेही उचितच! पहिला मुक्काम घाट की गूणीतील सिसोदिया राणीच्या बागेशी. सवाई जयसिंगांनी ही बाग १७२८ मध्ये आपल्या उदयपूरच्या राणीसाठी करविली. पुढे आग्रा रस्त्याने कानोता आणि बस्सी. अरवलीच्या टेकड्या मागे पडतात, दोन्ही अंगांना मोहरी पिवळीधमक फुललेली असते आणि बांधाबांधावर खेजडीची झाडे उभी दिसतात. बस्सीहून उजवीकडे वळले की रहदारी विरळ होते व गाडीच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज उरत नाही.

ही वाट आम्ही निवडली, ती केवळ शोभेसाठी नव्हे. बागेच्या त्या राणीचे पुत्र माधोसिंग. जयसिंग १७४३ मध्ये वारले आणि गादीसाठी ज्येष्ठ पुत्र ईश्वरीसिंग व माधोसिंग यांच्यात कलह पेटला. त्यात मराठे पडले, ते खंडणीच्या बोलीवर. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकरांच्या फौजा शहराजवळ आल्या. द्यावयास पैसा नव्हता. ईश्वरीसिंगांनी विष घेऊन जीवन संपविले. पुढच्याच महिन्यात, नवे शहर पाहण्यास आत शिरलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले आणि मोठी कत्तल झाली. ज्या चौकांतून आज आपण भाजी घेऊन घरी येतो, त्याच शहरात हे घडले.

तुंग्याच्या परिसरात २८ जुलै १७८७ रोजी महादजी शिंद्यांची गाठ पडली ती माधोसिंगांचे पुत्र सवाई प्रतापसिंग आणि त्यांच्या मदतीस आलेले जोधपूरचे राठोड यांच्याशी. लढाई निर्णायक झाली नाही. परंतु थकलेल्या पगारापायी महादजींच्या हिंदुस्थानी पलटणी शत्रूस जाऊन मिळाल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. पगार थकला म्हणजे निष्ठाही थकते, हा बोध आम्हां सरकारी नोकरांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तीन वर्षांनी पाटणच्या लढाईत द बॉइनच्या कवायती पलटणींनी पारडे फिरविले. प्रतापसिंगांनी पुढे १७९९ मध्ये हवामहल बांधला. आपल्याकडचे पाहुणे आले की आपण त्यांना प्रथम दाखवितो, तो हाच.

आता जेवण. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेली बाटी राख झटकून फोडायची, तुपात बुडवायची आणि वर डाळ ओतायची. जोडीस लसणाची चटणी, ताक आणि शेवटी चुरमा. आमच्याबरोबरच्या खानदेशी वहिनींनी पहिल्याच घासाला म्हटले, "अहो, ही तर आपली बट्टी!" विदर्भातील स्नेह्यांनी लगेच रोडग्यांचा दाखला दिला आणि सोबत वांग्याची भाजी हवी होती, अशी हळहळ व्यक्त केली. मग वाद रंगला तो तूप किती असावे यावर.

तेथेच, येथे जन्मलेल्या एका मुलाने वडिलांना विचारले, "बाबा, त्या लढाईत आपण कोणाच्या बाजूचे?" त्याची शाळा येथली, सवंगडी येथले, आडनाव मात्र महादजींच्या मुलखातले. क्षणभर सारे गप्प झाले. आमचे मत असे की, त्या मुलाला एक बाजू निवडून देणे हे आपले काम नव्हे. महादजींचा पराक्रम त्याला अवश्य सांगावा; पण खंडणीपायी प्राण देणारा राजाही सांगावा, आणि शहर पाहावयास येऊन मारले गेलेले मराठेही सांगावेत. आपले पूर्वज येथे आले ते फौजेबरोबर. आपण आलो ते बदलीच्या हुकुमाबरोबर, आणि राहिलो ते शेजाऱ्यांच्या भरवशावर. अर्धी गोष्ट ऐकून वाढलेले मूल एकतर घरी ओशाळते, नाहीतर शाळेत भांडते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची एक सूचना आहे. गणेशोत्सव व कोजागरी यांच्या जोडीला मंडळाने दर जानेवारीत तुंग्याची सहल काढावी. ज्यांच्याकडे दुचाकी नाही त्यांच्यासाठी बस करावी. मात्र निम्म्या जागा राजस्थानी शेजाऱ्यांसाठी राखाव्यात आणि लढाईची हकीकत अर्धी त्यांच्या तोंडून ऐकावी. तुपाचा वाद तेथेही मिटणार नाही, याची आम्हांस खात्री आहे.